दुधाचं बिल कुणाच्या नावावर?

गेल्या अंकात मी वाचकांना एक प्रश्न विचारला होता: घरात गरिबी आली की ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते का? पत्रं भरपूर आली. त्यातली चार इथं घेते. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. पहिलं पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातून आलंय. ते मी तीनदा वाचलं.

"आक्का, आमच्यात तीन म्हशी. पहाटे शेण काढण्यापासून रात्री वैरण टाकेपर्यंत सगळं माझ्याकडं. डेअरीला दूध मीच घालते. खातं मात्र मालकांच्या नावावर. दर दहा दिवसांनी बिल त्यांच्या खात्यात जमा होतं. पोरीच्या वहीला वीस रुपये लागले तरी मागायचे आणि 'मागचे कुठं घातलेस?' हे ऐकायचं. खातं माझ्या नावावर करा म्हणून दूध संस्थेच्या सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, मालकांना घेऊन या. मालक वाईट नाहीत. दारू नाही, हात उगारणं नाही. मग मी मागते ते चुकीचं आहे काय?"

चुकीचं नाही, ताई. मालक वाईट नाहीत हे तुम्ही पत्रात आवर्जून लिहिलंय. माणूस चांगला असला की बाईला हक्काचं मागायलाही अपराध्यासारखं होतं, हे मला ठाऊक आहे. पण वीस रुपये मागताना जी मान खाली जाते ती माणूस चांगला म्हणून वर येत नाही.

माझी आई राधानगरी तालुक्यातली. दारात दोन म्हशी. डेअरीला निघताना ती किटलीच्या तोंडाला ओलं फडकं बांधायची. तिथं पोचली की मापाकडं तिचं लक्ष नसायचं, सगळं लक्ष फॅटकडं, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाच्या आकड्याकडं. सरकी पेंड कमी पडली की फॅट उतरते, म्हैस आटत आली की चढते, हे तिला चाचणीच्या आधीच कळायचं. घरातल्या दुधाच्या सायीला बोट लावून म्हणायची, "आज सात लागंल." आणि लागायची. शाळा दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पण डेअरीच्या कार्डावर नाव वडलांचं. ते बांधावरचे आणि चावडीतले; गोठ्यात त्यांचं पाऊल क्वचित पडायचं.

१९९८ साली वडील गेले. शेवटची दोन बिलं आणि दिवाळीचा दूध दर फरक संस्थेत अडकला. आई गेली तर तिला सांगितलं, वारस दाखला आण, मग बघू. तीस वर्षं धार काढलेल्या बाईला त्याच धारेचे पैसे घ्यायला वारस दाखला! चार महिने ती हेलपाटे घालत होती, आणि त्या चार महिन्यांतसुद्धा दोन्ही वेळेला डेअरीला दूध घालत होती. मी तेव्हा कोल्हापुरात बँकेत नोकरीला होते, दिवसभर लोकांच्या नावावरचे पैसे मोजत होते. आईच्या नावावर काय आहे हे तोवर माझ्याही मनात आलं नव्हतं. ती चूक मला आजही बोचते.

आता तुमच्या कामाचं. सेक्रेटरींना तोंडी विचारू नका. संस्थेचं सभासद करून घ्या असा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणं पात्र माणसाला सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासद करून घेतलं असं धरलं जातं, आणि नाकारलं तर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडं अपील करता येतं. नवऱ्याला घेऊन या, असं त्या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. गावात महिला दूध संस्था असेल तर तिथंही चौकशी करा. आपल्या जिल्ह्यात अशा संस्था बायकांनी उभ्या केल्यात आणि चालवल्यात.

बँकेचं खातंही स्वतःचंच काढा आणि त्याला मोबाईल नंबर स्वतःचा जोडा. हे मी मुद्दाम सांगते. काउंटरवर मी कितीतरी वर्षं बघितलंय: पैसे काढायच्या स्लिपवर सही बाईची, आणि नोटा मोजायला हात पुढं येतो मागं उभ्या राहिलेल्या माणसाचा. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये यायला लागले, तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायकांची खाती तपासायला मी बसत होते. एक पन्नाशीची बाई आली. पासबुकावर छापलेल्या स्वतःच्या नावावरनं बोट फिरवत म्हणाली, "हे माझं एकटीचंच हाय न्हवं?" होय म्हटल्यावर तिनं पासबुक पिशवीत नाही ठेवलं, पदराखाली धरलं. एटीएम कार्ड कुणाकडं असतं म्हणून मी विचारलं, तेव्हा ती गप्प बसली.

मालकांशी बोलताना सेक्रेटरींच्या पुढ्यात बोलू नका. गोठ्यात बोला, धार काढताना. तिन्ही म्हशींवर त्यांचं मन तयार होत नसेल तर एका म्हशीचं दूध तुमच्या नावावर घालायला सुरुवात करा. पेंडीचा खर्च त्यातनं तुम्ही भरा, आणि उरलेल्याचा हिशोब तुमचा. सहा महिन्यांनी तेच म्हणतील की त्या म्हशीचं बरं चाललंय. आमच्या गटातल्या दोघींच्या घरात असंच झालं. तिसरीच्या घरात झालं नाही, हेही सांगते. तिनं मग शिलाई मशीन घेतलं.

"मी कोल्हापुरात एम.ए. अर्थशास्त्राला आहे. विकसनशील देशांत उत्पन्न वाढलं, गरिबी हटली की स्त्री-पुरुष विषमता आपोआप कमी होत जाईल, असं मला वाटतं. मग स्त्रियांच्या गरिबीचा वेगळा विचार कशासाठी?"

तुमच्या वयात मलाही असंच वाटायचं. तुम्ही आपल्या जिल्ह्याकडंच बघा. पंचगंगेचं पाणी, ऊस, साखर कारखाने, दूध, गूळ, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी. महाराष्ट्रातला हा सधन जिल्हा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं पाऊल उचललं, त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. आणि त्याच कोल्हापुरात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं मुली किती होत्या? ८३९. दहा वर्षांनी ८६३. उसाचं बिल आलं म्हणून मुली वाचल्या नाहीत. उलट सोनोग्राफीचे पैसे भरायची ऐपत आली. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, म्हणजे कायदा होता, पैसा होता, शिक्षणही होतं. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगभरातल्या 'हरवलेल्या' स्त्रियांचा, म्हणजे ज्या आज जिवंत असायला हव्या होत्या पण नाहीत अशांचा, अंदाज मांडला तो १० कोटींच्या वर. त्यात भूक होती, औषधपाण्यातली आबाळ होती आणि नकोशीपणही होतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात घराचं उत्पन्न एका आकड्यात लिहितात आणि माणसांच्या संख्येनं भागतात. आमच्या घरी तसं भागलं जात नव्हतं. भाकरी कमी पडली की कुणाच्या ताटातली कमी व्हायची, हे गावाकडच्या कुठल्याही मुलीला विचारा. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय वृद्धांना मोठी सरकारी पेन्शन मिळायला लागली. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी त्या घरांतल्या नातवंडांची वजनं-उंच्या तपासल्या. पेन्शन आजीला मिळत होती तिथं नाती अंगानं भरलेल्या दिसल्या. आजोबांना मिळत होती तिथं तसा फरक दिसला नाही. रक्कम तीच, घर तसंच, फक्त हात वेगळा. पुढं २०१९ मध्ये डुफ्लो यांना नोबेल मिळालं, ते अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर.

आणखी एक आकडा वहीत लिहून ठेवा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत भारतातल्या घरकाम करणाऱ्या बायका स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशा बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं. जे पुरुष घरकाम करतात ते ९७. विक्रीच्या दुधासाठीचा गोठा यात येतच नाही. दिवसातले पाच तास असे गेल्यावर त्या बाईनं कमवायचं कधी आणि शिकायचं कधी? परीक्षेत काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण सुट्टीत घरी गेलात की एक दिवस आईच्या मागं घड्याळ घेऊन फिरा. मग मला पत्र पाठवा.

"मी शिरोळ तालुक्यात शिक्षक आहे. हंगाम सुरू झाला की शाळेमागच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. मुलींना शाळेत आणायला गेलो की आया म्हणतात, 'धाकटं कोण सांभाळणार?' या आयांना मजुरी किती मिळते, असं एकीला विचारलं. तिला सांगता आलं नाही. असं कसं?"

गुरुजी, तिला सांगता आलं नाही, कारण तिची मजुरी वेगळी मोजतच नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो ती त्या कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. फिटेपर्यंत दोघांनी तोडायचं. आजारी पडून खाडा झाला तर दंड कोयत्याला.

काम तुम्ही रोज बघता. तो बुडख्याला तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढवते. त्याआधी पहाटे चूल पेटवलेली असते, पाणी आणलेलं असतं. पाळी आली तरी फड थांबत नाही, आणि फडात आडोसा नाही. बीड जिल्ह्यात या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची ओरड झाली तेव्हा राज्य सरकारनं २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हे लिहिताना माझा हात थांबतो. आपल्या घरच्या चहातली साखर त्याच फडातनं येते.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. मुलींना शाळेत आणायचं तर धाकट्याची सोय आधी झाली पाहिजे. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन कोप्यांवर जा, हंगामापुरतं जवळच पाळणाघर सुरू करता येतंय का बघा, आणि कारखान्याच्या शेती खात्याला ग्रामपंचायतीकडनं लेखी पत्र द्या. आणि त्या आयांशी बोलताना 'अमक्याची बायको' असं लिहून घेऊ नका. त्यांची नावं विचारा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं आपल्या राज्यानं सक्तीचं केलंय. ती नावं तुमच्या हजेरीला यायला अजून काही वर्षं आहेत. आयांची नावं तुम्ही आजच लिहू शकता.

"आक्का, मी शेतकरी. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. वडील मागच्या वर्षी गेले. सहा एकर जमीन. बहीण दोन वर्षांपूर्वी विधवा झाली, तिला दोन मुलं. हेरवाडचं बघून आमच्या गावानंही ठराव केला होता, त्यामुळं तिच्या बांगड्या फोडल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. आता थोरला भाऊ म्हणतो, तिनं हक्कसोड पत्र करून द्यावं, रीतच आहे. ती नाही म्हणते. भाऊबंद तिला 'जमिनीला हपापलेली' म्हणतात. मला दोघंही तोडवत नाहीत. मी काय करू?"

दादा, हे तुम्ही विचारलंत याचंच मला मोल वाटतं. हक्कसोडीबद्दल मला भावाचं पत्र क्वचितच येतं.

हेरवाड हे शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. फार मोठं काम झालं ते. तुमच्या बहिणीच्या हातात बांगड्या राहिल्या. पण त्या हातात मुलांच्या फीचे पैसे कुठनं यायचे? तो प्रश्न तुमच्या सातबाऱ्यावर येऊन थांबलाय.

कायदा अगदी स्वच्छ आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. तेव्हा तो फक्त त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना होता. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लेक जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीची किंवा कोर्टाची वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्यात ती झालेली दिसत नाही. म्हणजे तीन भावंडं, आणि आई असेल तर तिचाही वाटा. हक्कसोड ही रीत असेल, सक्ती नाही. नोंदणी न केलेल्या हक्कसोड पत्रानं तिचा हक्क जात नाही.

आता माझं सांगते. वडील गेल्यावर मी हक्कसोड करून दिली. नोंदणीच्या कचेरीबाहेर भावानं मला उसाचा रस पाजला, कापड घेतलं. मला खरंच बरं वाटलं होतं. माहेर राहिलं, असं वाटलं. २००९ मध्ये माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं आणि पैसे कमी पडले. मी भावाकडं गेले. त्यानं दिले, लगेच दिले, आजवर कधी काढून दाखवलं नाही. पण ज्या सोप्यात मी खेळले त्या सोप्यात मी त्या दिवशी चप्पल बाहेर काढून पाहुण्यासारखी बसले होते. वहिनीनं चहा आणला, आणि पैशाचा विषय काढायला मला अर्धा तास लागला. भाऊ चांगला होता म्हणून मिळाले. तो तसा नसता तर? आईनं डेअरीत घातलेले हेलपाटे बघूनही मी सही केली होती. त्या कागदाची किंमत मला त्या अर्ध्या तासात कळली.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा या संशोधकांनी विवाहित स्त्रियांची पाहणी केली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर घर नाही, जमीन नाही, अशांतल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. घर आणि जमीन दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. जमिनीतनं पीक निघतं तसा आधारही निघतो: जायला जागा आहे हे समोरच्याला ठाऊक असतं. आपल्या देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर वहिवाटदारांत बायका १४ च्या आसपास होत्या. राबणाऱ्यांत किती असतात ते तुमच्याच बांधावर मोजा.

तुमची बहीण सासरी असो वा माहेरी, एक गोष्ट आधी बघा. नवऱ्याच्या जमिनीला तिची आणि मुलांची वारस नोंद झालीय का? तलाठ्याकडं फेरफार बघा. कितीतरी ठिकाणी दीर फक्त मुलाचं नाव लावून घेतात आणि विधवा बायकोचं राहून जातं. १९५६ च्या कायद्यानं ती पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. तिच्याबरोबर तुम्ही जा. एकटी बाई गेली की साहेब जेवायला गेलेले असतात.

मग थोरल्या भावाशी बसा. भाऊबंदांना बोलवू नका, फक्त तुम्ही तिघं, आणि आई असेल तर तीही. आईला आधी बोलू द्या. भावाला जमिनीचे तुकडे पडायची भीती असेल, तर ती खोटी नाही. सहा एकराचे वाटे पाडले की विहिरीचं, वाटेचं, मोटारीचं भांडण येतंच. त्यावर तोड निघते. तिचं नाव सातबाऱ्यावर लावा, जमीन तुम्ही कसा, आणि तिच्या वाट्याच्या उसाचं बिल कारखान्याकडनं थेट तिच्या खात्यात जाऊ दे. नोंद करतानाच तिच्या क्षेत्राचा ऊस तिच्या नावावर नोंदवायला सांगा. ही तोड तिला मान्य आहे का ते तिलाच विचारा, तिच्या वतीनं ठरवू नका.

आणि कुणी तिला हपापलेली म्हणालं की तिथंच, सगळ्यांच्या देखत बोला, "वडलांनी तिला पोरगी म्हणून वाढवली, पाहुणी म्हणून नाही." ती हे बोलली तर भांडखोर ठरते. तुम्ही बोललात तर लोक ऐकून घेतील. नोंद घालायला कधी जाताय ते कळवा. त्या दिवशी तलाठी कचेरीत बसायला मी कोल्हापुरातनं एस.टी.नं येईन.